भातकुली किती तास?

‘भातुकली? म्हणजे लहानपणी खेळायचो ती?’ ऑफिसात नवा माणूस आला की हा पीजे ठरलेला. भातकुली, बाबांनो! अमरावतीपासून जवळच, तालुक्याचं गाव. जैनांचं तीर्थक्षेत्र. आणि माझं घर.

आमचा टीम लीड लंडनला निघाला की ऐटीत सांगतो, ‘नाइन अँड हाफ अवर्स, यार!’ मुंबई-लंडन हवेतून साधारण ७,२०० किलोमीटर. मुंबई-अमरावती सरळ रेषेत जेमतेम ५४०. तरी इतकी वर्षं मला घरी पोचायला त्याच्या लंडनपेक्षा जास्त वेळ लागायचा.

१६ एप्रिल २०२५ ला बेलोऱ्याचा विमानतळ सुरू झाला आणि गणित पालटलं. धावपट्टी १,८५० मीटरची, त्यामुळे मोठं जेट नाही; पंख्यांचं एटीआर-७२. सुरुवातीला आठवड्यातून तीनच दिवस. ताशी पाचशेच्या आसपास वेगाने तासाभरात पोचायला हवं ना? पण वेळापत्रकात पावणेदोन तास. कारण त्यात मुंबईच्या धावपट्टीवर रांगेत ताटकळणं, चढणं, उतरणं, वळसे, सगळं धरलेलं असतं. नकाशावरचं अंतर फक्त कावळ्याच्या कामाचं.

आता माझा हिशेब. ठाण्याहून विमानतळ सव्वा तास, दोन तास आधी हजेरी, पावणेदोन तास विमान, वीस मिनिटं बॅग, मग बेलोऱ्याहून भातकुली पाऊण तास. झाले सहा तास! अमरावती एक्स्प्रेसने दारापासून दारापर्यंत साडेतेरा. पण त्यातले आठ मी घोरत असतो. उरले साडेपाच! शिवाय रजेचा दिवस वाचतो. म्हणून एरवी आजही मी ट्रेनवालाच. वरचा बर्थ, आईने दिलेला डबा... विमानात ती मजा नाही.

पण एरवी म्हणजे एरवी.

२०१४ च्या फेब्रुवारीत रात्री नऊला बाबांचा फोन आला. आजी गेली. अमरावती एक्स्प्रेस तासाभरापूर्वीच सुटलेली. सकाळच्या नागपूरच्या विमानात जागा नव्हती, दुपारचं मिळालं. नागपूर दीड तासात आलं, पण पुढे दीडशेहून जास्त किलोमीटर टॅक्सी. तिवसा, मोझरी, सगळे फाटे त्या दिवशी लांबलेले. घरचे चारपर्यंत थांबले. मी साडेपाचला पोचलो. अंगणात चुलत्यांच्या ओल्या धोतरांची रांग वाळत होती.

तेव्हापासून कुणी अंतर किलोमीटरमध्ये सांगितलं की मला हसू येतं.

तसं हे नवं विमानही रात्री नऊच्या फोनला उपयोगाचं नाही. माणसं काही वार बघून आजारी पडत नाहीत. तरी गेल्या मे महिन्यात आईला मुद्दाम त्याच विमानाने मुंबईला आणलं. पहिलाच प्रवास. खिडकीशी बसून ती आपलं वावर शोधत होती. ‘काहून रे, एवढं उन्हाळलं दिसते वरून?’ मग डोळा लागला तिचा.

चाकं टेकली तशी दचकून जागी झाली. घड्याळ बघितलं.

‘एवढ्यातच मुंबई आली?’

‘हो ना.’

‘मंग त्या वक्ती हे असतं तं...’

पुढे ती बोलली नाही. मी वरून तिची पिशवी काढायला उठलो.