सातबारा क्लिअर आहे, पण जमीन कुठे आहे?

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत कुठेही जागा बघायला गेलात तरी एक वाक्य ऐकायला मिळतंच: ‘सातबारा क्लिअर आहे, मोजणीची काय घाई?’ सातबारा क्लिअर असेलही. पण त्यावर गट किंवा सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकारणी, धारकांची नावं, इतर हक्क, पिकं एवढंच असतं. जमीन किती ते त्यात कळतं. ती कुठून कुठपर्यंत आहे, ते कळत नाही. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 नुसार ही नोंद विरुद्ध काही सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, इतकंच तिचं वजन. मालकीची साखळी बघायची तर फेरफार आणि जुनी खतं वकिलाकडून तपासून घ्यावी लागतात. जुन्या खतांवर ‘जिल्हा कुलाबा’ दिसलं तर गोंधळू नका. जिल्ह्याचं रायगड हे नाव 1981 चं आहे.

खरी गाठ असते ती सामाईक सातबाऱ्याची. आजोबांच्या नावची वाडी, खाली चार भाऊ, त्यांची मुलं, लग्न होऊन मुंबईला गेलेल्या बहिणी. सातबाऱ्यावर डझनभर नावं, आणि जमीन मात्र सरकारी कागदावर अजून एकच तुकडा. दाखवणारा मात्र बोट करून सांगतो, ‘या माडापासून त्या चिऱ्याच्या भिंतीपर्यंत माझा हिस्सा.’ ही घरातली तोंडी वाटणी. पोटहिस्सा मोजून त्याचा नकाशा झाला नसेल, तर तुम्ही विकत घेता तो अविभक्त हिस्सा. समुद्राकडचा कोपरा नव्हे. उद्या वाटप झालं आणि तुमच्या वाट्याला मागची खाजणाची बाजू आली, तर भांडण तुमचंच.

‘कुंपण आहे ना, हद्द दिसतेच की.’ कुंपण दाखवतं ते वहिवाट. बांध सरकतात, गडगा पावसात ढासळून पुन्हा रचताना हातभर पलीकडे जातो. मोबाइलमधल्या जीपीएसवर विसंबू नये, कारण त्यात काही मीटरची चूक सहज असते. इथल्या नारळ-सुपारीच्या वाड्या लांबट आणि अरुंद. पंधरा मीटर रुंदीच्या पट्टीत तेवढी चूक म्हणजे अख्खा रस्ता. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा जागेचा अंदाज यायला चांगला आहे, हद्द ठरवायला नाही.

हद्द ठरते ती भूमी अभिलेख विभागाच्या हद्दकायम मोजणीने. तालुक्याच्या उप अधीक्षकांकडे अर्ज आणि फी भरायची. घाई असेल तर जास्त फी भरून द्रुतगती मोजणी मागता येते. लगतधारकांना नोटिसा जातात, भूकरमापक येतो, खुणा दाखवतो आणि पुढे ‘क’ प्रत नकाशा मिळतो. वहिवाटीची रेषा आणि अभिलेखाची रेषा वेगळी असेल, तर ती त्यात उघडी पडते. निकाल पटला नाही तर निमताना मोजणी मागता येते, त्यावर सुपर निमतानाही. मोजणी मालकी ठरवत नाही, हेही लक्षात असू द्या.

‘खरेदी झाली की मोजून घेऊ’ हा सर्वांत महागडा गैरसमज. अर्ज धारकालाच करता येतो, म्हणून नवा माणूस आधी खरेदीखत करतो आणि मग मोजणी मागतो. त्याऐवजी विक्रेत्यालाच अर्ज करायला लावा, फी हवी तर तुम्ही द्या. साठेखतात लिहून घ्या की क्षेत्र मोजणीत भरेल तेवढंच धरलं जाईल आणि किंमत त्यावर ठरेल. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतात. जागेवर जाऊन हद्द बघणं त्यांचं काम नाही. भाताच्या हंगामात मोजणी लांबते, तेव्हा हा वेळ इसार देण्याआधीच धरायला हवा.

हिशेबातही एक मेख आहे. बोली गुंठ्यात होते, सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. गुंठा म्हणजे 33 फुटी साखळीचा चौरस, 1089 चौरस फूट, म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर. आर बरोबर 100 चौरस मीटरचा. फरक थोडा, पण आजच्या भावात तोही पैशातच मोजला जातो.

आता सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचा नियम. ‘समुद्र दिसतही नाही इथून’ म्हणून सुटका होत नाही, कारण धरमतर, रेवदंडा, राजपुरी या खाड्यांचं भरतीचं पाणी खूप आत येतं आणि खाडीकाठालाही हा नियम लागतो. समुद्रकाठी अंतर मोजायचं ते वाळूपासून नव्हे, अधिकृत नकाशातल्या भरतीरेषेपासून. 2019 च्या अधिसूचनेत ग्रामीण भागाचे दोन प्रकार केले: 2011 च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त वस्ती असेल तिथे समुद्रकाठचा ना-विकास पट्टा 50 मीटर, इतरत्र 200 मीटर. त्यामुळे ‘आता पन्नासच मीटर झालंय’ हे एजंटचं वाक्य दर गावाला खरं नसतं. हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती आणखी 50 मीटर सोडावे लागतात. केंद्राची मान्यता असलेल्या संस्था गावनकाशावर भरतीरेषा आखून देतात. ती आणि मोजणीचा नकाशा एकमेकांवर ठेवल्याशिवाय बांधता येईल अशी जागा किती, हे कळत नाही. किहीमच्या किनाऱ्यावरचा हिरे व्यापारी नीरव मोदीचा बंगला जिल्हा प्रशासनाने 8 मार्च 2019 ला सुरुंग लावून पाडला, तो किनारा नियमांचा भंग केल्यामुळे. तिथे पैशाची किंवा वकिलांची कमतरता नव्हती.

गावठाणातलं जुनं घर घेत असाल तर सातबारा नसतोच. तिथे घरपट्टीची पावती आणि ग्रामपंचायतीचा नमुना 8 मालकीचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. तो कर आकारणीचा कागद आहे. एप्रिल 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. त्या गावात मोजणी झाली असेल तर पत्रिका आणि तिचा नकाशा मागा.

आणि मोजणी झाली म्हणजे घर तपासून झालं, असंही नाही. भूकरमापक जमीन मोजतो, स्लॅबकडे बघत नाही. खाऱ्या हवेत सळई आतून गंजते आणि वरून रंग ताजा असतो. निसर्ग वादळ 3 जून 2020 ला इथेच धडकलं. त्यानंतर छपराचं काय बदललं, वासे जुनेच आहेत का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला वर चढून बघू द्या. विहिरीचं पाणी मे महिन्यात तपासून घ्या. पावसाळ्यानंतर खारटपणा कळत नाही.