डोळ्याचा पांढरा भाग सुजतो तेव्हां

डोळा लाल दिसला कीं 'डोळे आले' असें म्हणून घरोघरीं गुलाबपाण्याच्या घड्या सुरू होतात. बहुतेक वेळां हें निदान बरोबरहि असतें. परंतु जेव्हां तें चुकतें, तेव्हां त्या चुकीचें मोल कधीं कधीं दृष्टीनें द्यावें लागतें.

डोळ्याचा पांढरा भाग म्हणजे श्वेतपटल. नेत्रगोलाचा सुमारें पांच-षष्ठांश भाग या चिवट, तंतुमय कवचानें वेढलेला आहे. त्याची जाडी मागील बाजूस सुमारें १ मिलिमीटर, तर स्नायू जेथें जडलेले असतात त्या जागीं अवघी ०.३ मिलिमीटर असते. त्यावर एक पातळ, पारदर्शक आवरण असतें. डोळे येतात तेव्हां सुजतें तें हें आवरण. मग डोळा खुपतो, पाणावतो, चिपडांनीं चिकटतो.

खुद्द श्वेतपटल सुजलें म्हणजे प्रकार निराळा. चिपडें येत नाहींत, पण वेदना खोल व ठणकणारी असते. ती कपाळाकडे, जबड्याकडे पसरते आणि रात्रीं माणसास झोपेंतून उठविते. लालीवर जांभळी झांक येते. ती दिव्यापेक्षां दिवसाच्या उजेडांत नीट दिसते. नेत्रवैद्य फेनिलेफ्रिन या औषधाचा थेंब घालून पाहतात. त्यानें वरच्या थरांतील रक्तवाहिन्या आकसून लाली फिकटते. खोल थरांतील लाली मात्र तशीच राहते.

या दाहाचें मूळ पुष्कळदां डोळ्याबाहेर असतें. शरीराची संरक्षक शक्ति स्वतःच्याच तंतूंवर उलटते, हें त्याचें प्रमुख कारण. सांधे सुजविणारा आमवात, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा त्यांत अग्रगण्य होय. कोलॅजेन नांवाचें द्रव्य सांध्यांत असतें, तसेंच श्वेतपटलांतहि असतें. याखेरीज रक्तवाहिन्यांचा दाह, क्षय, उपदंश, नागीण, क्वचित् डोळ्यावरील शस्त्रक्रिया हींहि कारणें होत. कित्येकदां कारण सांपडतच नाहीं.

मात्र ठणका नाहीं म्हणून धोका नाहीं, असें समजूं नये. जुन्या आमवातांत कधीं कधीं श्वेतपटल न दुखतां झिजत जातें व आंतील थराचा निळसर रंग दिसूं लागतो.

म्हणूनच येथें डोळ्याबरोबर रक्ताची व सांध्यांचीहि तपासणी होते. दाह शमविणाऱ्या गोळ्या, स्टेरॉइड किंवा त्याहून तीव्र औषधें वैद्यांच्या देखरेखीखालींच द्यावयाचीं असतात. कपाटांतील जुनी बाटली काढून तिचे थेंब घालणें मात्र घातक. लाली नागिणीची असल्यास स्टेरॉइडनें बुबुळावरील पडद्यास इजा होऊं शकते. डोळा लाल होऊन रात्रीं ठणकूं लागला, तर घडी बाजूस ठेवून सकाळींच नेत्रवैद्यांकडे जावें, हें उत्तम.