कुणाचंच कुणी नसलेली सहा मुलं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे गर्दीच्या बसमध्ये इअरफोन विसरून चढलेत, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना मी घातलेला फापटपसारा काढून टाकलाय. एखाद-दुसरा राहिला असेल तर चालवून घ्या.

आजचा प्रश्न असा. आई नाही, बाप नाही, आजी-आजोबा नाहीत, सांभाळणारं मोठं माणूससुद्धा दर थोड्या दिवसांनी बदलतंय. अशी दोन-तीन वर्षांची मुलं एकमेकांच्याच सोबतीनं वाढली, तर काय होईल? पटकन वाटतं की ज्याचा हात बळकट त्याची पोळी. दांडगी मुलं हिसकावून घेतील, नाजूक मुलं कोपऱ्यात रडत बसतील.

हे मुद्दाम करून बघणं अमानुष आहे, त्यामुळे कुणी करत नाही. पण इतिहासात ते एकदा घडलं, आणि नंतर त्या मुलांना जवळून बघणाऱ्या माणसांनी बारीकसारीक नोंदी ठेवल्या.

सहा ज्यू मुलं, तीन मुलगे आणि तीन मुली. जन्म 1941 आणि 1942 मधले, व्हिएन्ना आणि बर्लिनचे. जन्मानंतर थोड्याच काळात आई-वडिलांना नाझींनी पूर्वेकडे पाठवलं आणि मारलं. ही मुलं या हातातून त्या हातात जात शेवटी तेरेझिनला पोहोचली. आजच्या चेक प्रजासत्ताकातली ही नाझींची छळछावणी. तिथे आई नसलेल्या मुलांसाठी एक वेगळा विभाग होता. खेळणी नव्हती. सांभाळणाऱ्या बायका स्वतःच कैदी, अर्धपोटी आणि थकलेल्या, आणि त्यांतली कोण कधी ऑशविट्झच्या गाडीत चढवली जाईल याचा नेम नाही. म्हणजे मुलाला एखाद्या चेहऱ्याची सवय लागावी आणि तो चेहरा गायब व्हावा, हेच परत परत. बदलत नव्हती ती फक्त शेजारच्या खाटेवरची पोरं.

1945 च्या वसंतात रशियन सैन्यानं छावणी सोडवली. ऑगस्टमध्ये सुमारे 300 मुलांना बॉम्बर विमानांतून इंग्लंडला आणलं, त्यांत हे सहाही होते. ऑक्टोबरमध्ये त्यांना ससेक्समधल्या वेस्ट होथली गावात ‘बुलडॉग्ज बँक’ नावाच्या घरी नेलं. (बँक म्हणजे पैशांची नाही, टेकाडाचा उतार.) एका खासदाराच्या पत्नीनं ते घर वर्षभरासाठी दिलं होतं आणि खर्च फॉस्टर पेरेंट्स प्लॅन नावाची अमेरिकन संस्था करत होती. मुलांना बघायला सोफी आणि गर्ट्रूड डॅन या बहिणी. त्या स्वतः जर्मनीच्या आउग्सबुर्गहून पळून आलेल्या निर्वासित. त्यांच्या नोंदींवरून अ‍ॅना फ्रॉइड यांनी सोफीबरोबर 1951 साली एक निबंध छापला. अ‍ॅना म्हणजे सिग्मंड फ्रॉइडची मुलगी, लहान मुलांच्या मानसशास्त्रातलं मोठं नाव. निबंधात मुलांची नावं बदललेली आहेत, मी तीच वापरतोय.

पहिले काही दिवस डॅन बहिणींसाठी भयंकर गेले असणार. मुलांनी खेळणी फोडली, फर्निचरची वाट लावली. मोठ्या माणसांकडे एक तर ढुंकून बघायचं नाही, नाही तर चावायचं, थुंकायचं, मारायचं. आणि हीच मुलं एकमेकांशी मात्र पूर्ण वेगळी वागत होती.

एकाला वर खोलीत ठेवून बाकीच्यांना खाली न्या, हंगामा. एकच जण फिरायला गेला, की घरात राहिलेल्यांचा जीव टांगणीला, तो कुठंय म्हणून विचारणा चालू. जेवताना स्वतःच्या ताटापेक्षा शेजाऱ्याला मिळालं का, याची चिंता जास्त. आता तीन-चार वर्षांचा आपला भाचा किंवा पुतणी डोळ्यासमोर आणा. “दादाला पण दे गं” हे त्या वयाच्या मुलाला दिवसातून किती वेळा सांगावं लागतं? इथे ते सांगावंच लागत नव्हतं. वाटून घेणं कुणी शिकवलं नव्हतं, पण दुसऱ्याला मिळाल्याशिवाय त्यांना चैन पडत नव्हतं.

एकदा केक संपला. जॉनला आणखी हवा होता, तो रडायला लागला. रूथ आणि मिरियमनं आपल्या ताटलीतला उरलेला तुकडा त्याला दिला आणि तो खात असताना त्याला गोंजारत बसल्या. एकदा थंडीत पॉलचे हातमोजे हरवले, जॉननं स्वतःचे काढून दिले आणि हात गारठले म्हणून एकदाही कुरकुर केली नाही. मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलाय तो पीटर. ब्रायटनचा समुद्रकिनारा. रूथ पाण्यात खडे टाकतेय. पीटरला लाटांची इतकी भीती, की जवळ जायची हिंमत नाही. आणि अचानक तोच पाणी आलं, पाणी आलं म्हणून ओरडत धावला आणि तिला ओढून मागे घेऊन आला.

पक्का म्होरक्याही नव्हता कुणी. आमच्या भाषेत सांगायचं तर मधला सर्व्हर नसलेलं नेटवर्क, प्रत्येक जण प्रत्येकाला जोडलेला.

हे एवढं महत्त्वाचं का, ते बघू. तेव्हाचा मानसशास्त्रातला समज असा, की मुलाचं पहिलं नातं आईशी. भावंडांशी नातं त्यानंतरचं, आणि तेही आधी स्पर्धेचं, कारण दोघांना एकच आई हवी असते. हा समज घडवण्यात अ‍ॅनाच्या वडिलांचाच मोठा वाटा. योगायोग म्हणजे त्याच 1951 मध्ये जॉन बोल्बी यांचा जागतिक आरोग्य संघटनेसाठीचा अहवाल आला. आईच्या मायेला मुकलेल्या मुलांचं किती नुकसान होतं, हे त्यात मांडलं होतं. तेरेझिनच्या मुलांचा क्रम मात्र उलटा होता. आधी आपली टोळी, मोठी माणसं नंतर. आणि गंमत बघा, हेवा आणि मत्सर दिसायला लागला तो ज्यांना मोठ्या माणसाचा लळा होता किंवा लागायला लागला, त्यांच्यात.

म्हणजे मोठ्यांची गरज नसते, असा अर्थ कृपया काढू नका. ही मुलं अस्वस्थ होती, चिडकी होती, सांभाळायला अतिशय अवघड होती, हे निबंधात स्वच्छ लिहिलंय. पण ती मतिमंद नव्हती, गुन्हेगार नव्हती, वेडी नव्हती. त्या वर्षभरात ती नवी भाषा शिकली. जर्मन शब्द एकेक गळून गेले, सगळ्यात चिवट ठरला तो ‘निश्त’, म्हणजे ‘नाही’. शिवाय डॅन बहिणींनाही हळूहळू त्यांनी आपल्या टोळीत घेतलं. अ‍ॅना फ्रॉइड यांच्या मते या मुलांना सावरलं ते एकमेकांच्या नात्यानं. फक्त सहा मुलांच्या नोंदी आहेत, तेवढ्यावरून सगळ्या जगाचा नियम काढता येणार नाही. पण असं होऊ शकतं, एवढं त्यातून नक्की कळतं.

वर्षानं बुलडॉग्ज बँक बंद झालं. नंतर काही मुलं वेगवेगळ्या घरांत दत्तक गेली. आई-वडील मिळाले हे चांगलंच, पण भावंडं सुटली. सारा मॉस्कोविट्झ यांनी इंग्लंडला आणलेल्या अशा मुलांना मोठेपणी गाठून 1983 साली पुस्तक लिहिलं. ज्यांना हा विषय धरून ठेवतो, त्यांनी ते जरूर शोधा.

आता आपल्याकडे येऊ, कारण इथेही ही गाठ सुटलेली नाही. आपल्या 2015 च्या बाल न्याय कायद्यात फॉस्टर केअरची तरतूद आहे. म्हणजे मूल कायमचं दत्तक न देता एखाद्या कुटुंबात सांभाळायला द्यायचं. त्याचं कलम 44 सांगतं, की भावंडांना शक्यतो एकत्र ठेवा. चांगलंय. पण भावंडं कोण? कागदावर जे रक्ताचे तेच. बालगृहात दहा वर्षं शेजारी झोपलेली, तापात एकमेकांच्या कपाळावर पट्टी ठेवलेली मुलं कायद्याला एकमेकांची कुणीच नाहीत. 18 पूर्ण झाली की बालगृह सुटतं. त्यानंतर 21 पर्यंत अनुरक्षणाची मदत मिळू शकते, अपवाद म्हणून 23 पर्यंत. मदत मागणारा मात्र एकेकटा धरला जातो.

माझ्या टीममधला एक जण असाच वाढलाय. त्याला विचारूनच हे सांगतोय, नाव अर्थातच नाही. बालगृहातल्या दोघांसोबत तो भाड्यानं खोली घेऊन राहतो. त्यांच्यातला मोठा सगळ्यांचा हिशेब ठेवतो, धाकट्याची परीक्षेची फी तिघांत वाटून भरतात. आमच्याकडच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये ‘नातं’ या रकान्यात त्याला निवडायला होते वडील, आई, पत्नी, भाऊ, बहीण. त्यानं ‘भाऊ’ निवडलं, तर आडनाव जुळत नाही म्हणून फॉर्म परत आला. ड्रॉपडाउन बनवणारे आपणच असतो मंडळी, ‘इतर’ टाकायला एक ओळ लागते.

पण पीएफचा नियम त्याच्या बाजूचा निघाला. ज्याला पत्नी, मुलं, आई-वडील असं कुटुंबच नाही, तो कुणालाही नॉमिनी करू शकतो, नात्याचा पुरावा लागत नाही. मृत्युपत्रही कुणाच्याही नावे करता येतं, दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. त्यानं दोन्ही केलं. पीएफच्या नियमात एक खुबी आहे बरं का: लग्न झालं की ते जुनं नॉमिनेशन आपोआप रद्द होतं. हे कळल्यावर तो हसत म्हणाला, पोरगी बघायच्या आधी मृत्युपत्र एकदा वाचून घेतो, त्यात या दोघांचा वाटा तसाच राहायला हवा.