खरवईत प्रवेशद्वार आखताना

बदलापूरच्या खरवईतल्या इमारतीचं प्रवेशद्वार आखायला घेतलेल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने आधी शेजारच्या अंबरनाथचं शिलाहारकालीन शिवमंदिर पाहावं. शिलालेख इ.स. १०६० चा. सभामंडपाला तीन बाजूंनी मुखमंडप आहेत. रणरणत्या उन्हातून आलेला माणूस तिथल्या सावलीत थबकतो, डोळे निवतात, मग तो मंडपात शिरतो. गाभारा तर आणखी पायऱ्या उतरून खाली. आत जाणं इतक्या टप्प्यांनी घडवलेलं मी फार कमी ठिकाणी पाहिलंय.

बदलापूर परिसराने २००५ आणि २०१९ चे पूर पाहिलेत, त्यामुळे जोतं उंच ठेवावंसं वाटणारच. पण ४५ सेंटिमीटरच्या जोत्याला १:१२ उताराचा रॅम्प ५.४ मीटर लांब होतो, शिवाय वर-खाली चाकाची खुर्ची वळवायला सपाट जागा हवी. ती पहिल्याच आराखड्यात राखावी. मागाहून चिकटवलेला रॅम्प इतका उभा होतो की म्हातारी माणसं त्यावर पाय ठेवायला धजत नाहीत.

पावसाळी वारा मुख्यतः नैऋत्येकडून येतो. दार त्या बाजूला असेल तर छज्जा खोल हवा, कडेला आडोसाही. छत्री मिटायला, चपला निथळायला तिथे जागा द्यावी आणि फरशी खरबरीत घ्यावी.