ताप, पटकी आणि इतर

2023 साली मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली आणि कचेऱ्यांमधली जुनी कोतवाल बुकं, म्हणजे गाव नमुना 14 ची जन्म-मृत्यूची दप्तरं, बाहेर निघाली. बऱ्याचशा नोंदी मोडी लिपीत. सगळ्यांची नजर जातीवर. माणूस कशाने गेला, हे वाचायला कुणाला सवड नव्हती.

कोकण किनाऱ्यावरच्या रेवदंड्यात मरणाच्या खुणा या दप्तरांहून जुन्या आहेत. 1740 साली मराठ्यांकडे आलेल्या कोटात पोर्तुगीजांच्या थडग्यांच्या शिळा आहेत. अशा शिळांवर नाव, हुद्दा, वारसांचा हक्क असतो. आजार सहसा नसतो. चर्चच्या दफनवहीतही पाद्र्याला महत्त्वाचं वाटे ते मरणाआधीचे धर्मसंस्कार मिळाले की नाही हे. या किनाऱ्यावरची दुखणी शोधायची तर गार्सिया द ओर्ताकडे वळावं लागतं. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी ऊठबस असलेल्या या वैद्याचा ग्रंथ 1563 साली गोव्यात छापला गेला. त्यात ‘मोडशी’ आहे: उलट्या-जुलाब, खोल गेलेले डोळे, गार पडलेलं अंग, पायांत गोळे, मंदावलेली नाडी आणि बहुधा दिवसभरात शेवट. हा उघड कॉलरा. आज आपण साध्या अपचनालाही मोडशी म्हणतो आणि साथीच्या कॉलऱ्याला पटकी किंवा महामारी. तेव्हा दप्तरात ‘मोडशी’ दिसली, तर आठवड्याभरातल्या शेजारच्या नोंदी पाहाव्यात. एकाच आळीत चार माणसं गेली असतील, तर ते अपचन नव्हे.

इंग्रजी अमलात खेड्यातली मरणं पाटील-कोतवालामार्फत नोंदली जात. डॉक्टर मैलोन्‌मैल नसे. सरकारी गोषवाऱ्यात रकाने मोजकेच: पटकी, देवी, ताप, हगवण, श्वासाचे विकार, इजा, इतर, 1896 नंतर प्लेगही. देवी अंगावर दिसत, पटकी ओळखता येई. उरलेलं पुष्कळसं ‘तापा’त जाई: हिवताप, विषमज्वर, न्यूमोनिया, कधी क्षय, कधी बाळंतरोग. प्रसूतीनंतर आठवड्यात तरुण बाई तापाने गेली, तर हिवतापाआधी बाळंतरोगाची शंका घ्यावी. सप्टेंबर-ऑक्टोबर 1918 मध्ये धडधाकट माणसं ओळीने तापाने गेलेली दिसली, तर ती इन्फ्लुएंझाची साथ.

तान्ह्या मुलांच्या बाबतीत वयच निदान सांगतं. पाचव्या ते आठव्या दिवशी ‘आकडी’ने गेलेलं मूल, घरच्यांच्या लेखी सटवाईने नेलेलं, बहुधा धनुर्वाताचं असे. नाळ विळ्याने कापायची, वर राख किंवा शेण लावायचं. जंतू तिथूनच शिरत. बाळंतिणीच्या आणि बाळाच्या धनुर्वाताची ही धास्ती देशातून जवळपास संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली मान्य केलं. ‘पान लागून’ अशी नोंद आली, तर विडा-तंबाखूकडे जाऊ नये. सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून सर्पदंशाला लोक तसं म्हणत.

थोडक्यात, जुन्या दप्तरातलं कारण म्हणजे निदान नव्हे, जवळच्यांनी पाहिलेलं शेवटचं लक्षण. त्याला वय, महिना आणि मागच्यापुढच्या दहा नोंदींची जोड दिली, तरच रोग हाती लागतो. नुसत्या ‘तापा’वरून पणजोबांना हिवताप चिकटवू नये.

आणि कोतवालाला हसूही नये. आजच्या दाखल्यांवरही ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडून’ असं सर्रास लिहिलेलं असतं. ती तर प्रत्येक मेलेल्या माणसाची बंद पडते. शंभर वर्षांनी आपले दाखले वाचणाऱ्याला कोतवालाचा ‘ताप’ अधिक उपयोगी वाटेल. त्यात निदान एक लक्षण तरी आहे.