मान वळलेली दिसते, मन खचलेलं दिसत नाही



उसाचं पान पिवळं पडलेलं आपल्याला बांधावरून दिसतं, पण तोवर खाली हुमणीने मुळ्या कुरतडलेल्या असतात. माणसाच्या एका आजाराचंही असंच आहे. म्हणून त्याविषयी हे चार शब्द.

या आजाराचे नाव डिस्टोनिया. ओपेनहाइम या जर्मन डॉक्टरांनी ते १९११ साली दिले. यात मेंदूकडून स्नायूंना चुकीचे हुकूम जातात आणि स्नायू आपोआप आखडतात, पिळवटतात. कुणाची मान एका बाजूला ओढली जाते, कुणाच्या पापण्या घट्ट मिटतात, कुणी लिहायला बसला की बोटं वळतात. बऱ्याच जणांची मान हनुवटीला नुसतं बोट लावलं तरी थोडा वेळ सरळ होते. मग लोक म्हणतात, "सोंग करतोय." हे सोंग नव्हे, आजाराचीच खूण आहे. करणी-बाधा तर मुळीच नव्हे.

आता न दिसणारी लक्षणे पाहू.

१) दुखणे : मान वळणाऱ्या बहुतेकांची मान व खांदे दुखतात.

२) उदासी : कशातच गोडी वाटत नाही. कित्येकांना हा त्रास मान वळण्याच्या आधीपासूनच असतो. म्हणजे ही उदासी केवळ लाजेपोटी आलेली नसते; ती आजाराचाच भाग असू शकते.

३) धास्ती : चारचौघांत जायची भीती वाटते. लग्नकार्य, बाजार, कारखान्याची वार्षिक सभा, सगळं टाळलं जातं.

४) झोप व थकवा : रात्री धड झोप नाही, आणि काम न करताही अंग गळून जातं.

मान जास्त वाकडी म्हणजे मन जास्त खचलेलं, असा हिशेब इथे नसतो. थोडी मान वळणारा माणूसही आतून पार मोडलेला असू शकतो.

उपचार आहेत. आखडलेल्या स्नायूंत बोटुलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन देतात. अमेरिकेत त्याला पापण्यांसाठी १९८९ मध्ये व मानेसाठी २००० मध्ये मान्यता मिळाली. गुण सुमारे तीन महिने टिकतो, मग पुन्हा घ्यावे लागते. त्याने पीळ उतरतो, दुखणेही कमी होते. पण उदासी आणि झोप त्याने सुधारेलच असे नाही. त्यांचा इलाज वेगळा करावा लागतो : मानसोपचार तज्ज्ञांच्या गोळ्या, समुपदेशन, आणि अंगासाठी फिजिओथेरपी. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. आपल्या मनाने त्या बंद करू नयेत.

एक सावधगिरी. पीळ कमी करणाऱ्या ट्रायहेक्सीफेनिडिल या गोळीने विसराळूपणा, तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ असे त्रास होऊ शकतात, म्हाताऱ्या माणसांना अधिक. उलट, उलटीवरच्या व मानसिक आजारावरच्या काही औषधांनीच स्नायू आखडतात. म्हणून प्रत्येक डॉक्टरांना सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्या दाखवाव्यात.

रोगी आपण होऊन हे सांगत नाही, आणि घाईत डॉक्टरही फक्त मान बघतात. तेव्हा घरच्यांनीच शांतपणे विचारावं : रात्री झोप लागते का? कुठं दुखतं? पूर्वीसारखी गोडी वाटते का? माणसांत यायला नको वाटतं का? जीव नकोसा होतो का? उत्तरं कागदावर लिहून मेंदूविकार तज्ज्ञांकडे न्यावीत.

शेवटच्या प्रश्नाला "हो" आलं, तर त्या माणसाला एकटं सोडू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत आहे. तिथं मराठीतून बोलता येतं.

रान आपण रोज फिरून बघतो. घरातल्या माणसाचीही तशीच रोज विचारपूस करावी, एवढीच विनंती.