पाऱ्याला न कळणारं ऊन

‘मुलाला सुट्टीत क्रिकेट शिबिरात घातलंय, सोबत ग्लुकोजचं पाणी देते. तेवढं पुरेल ना?’ एका आईचा प्रश्न आहे. पाणी हवंच, पण भरपूर पाणी प्यालेल्या खेळाडूलाही उष्माघात होतो. धावताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिचा जेमतेम पाव हिस्सा कामी येतो, बाकीची उष्णता होते. ती बाहेर काढायची तर घाम नुसता निथळून भागत नाही, वाळावा लागतो. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हवा दमट असली की पावसाळ्यातल्या माठासारखी गत होते. पाणी झिरपतं, गारवा येत नाही. म्हणून मुंबईतले ३४ अंश खेळणाऱ्याला कधीकधी नागपूरच्या कोरड्या ४२ अंशांपेक्षा जड जातात.

हे मोजायची फार सुंदर युक्ती १९५०च्या दशकात निघाली. अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या पॅरिस आयलंडवर मरीन सैनिकांच्या नव्या भरतीतली पोरं कवायत करताना उन्हाने कोसळत होती. यॅग्लू आणि मिनार्ड या शास्त्रज्ञांनी तिथे तीन तापमापक वापरले: एक साधा, एक ओल्या वातीत गुंडाळलेला, एक काळ्या रंगाच्या तांब्याच्या गोळ्यात बसवलेला. ओल्याला ७० टक्के वजन, गोळ्याला २०, आणि आपण रोज बातम्यांत ऐकतो त्या साध्या तापमानाला फक्त १०! पुढे या तिन्हींच्या बेरजेतून येणाऱ्या आकड्यावरून मैदानात रंगीत निशाणं लागू लागली. काळं निशाण चढलं की कवायत बंद. या दोघांनी किती पोरं वाचवली असतील! आपल्या शाळांना मात्र त्यांची नावंही ठाऊक नाहीत. मोबाइलवर दिसणारं ‘जाणवणारं तापमान’ बहुधा सावलीतलं असतं, मैदानातल्या उन्हाला ते लागू पडत नाही.

शरीर उन्हाला सरावतं, पण त्याला १० ते १४ दिवस लागतात. तेवढ्यात घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातला द्रवभाग वाढतो. सर्वाधिक धोका सरावाच्या पहिल्या काही दिवसांत असतो, आणि नेमकं तेव्हाच ‘दम वाढवायला’ मुलांना मैदानाला फेऱ्या मारायला लावतात. शिक्षा म्हणून दुपारी पळवणं तर तत्काळ थांबलं पाहिजे.

मूल बरळायला लागलं, झोकांड्या खाऊ लागलं, तर अंग कोरडं पडायची वाट पाहू नका; खेळताना होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने चिंब असू शकतं. १०८ला फोन करा, पण गाडी येईपर्यंत त्याला गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवा, डोकं धरून ठेवा. अमेरिकेतल्या फालमथच्या शर्यतीत १८ वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण मैदानावरच असे गार केले. एकही दगावला नाही.

तेव्हा शिबिराची फी भरण्याआधी प्रशिक्षकांना विचारा: सराव किती वाजता, पहिल्या आठवड्यात किती, आणि टब नि बर्फ कुठे ठेवलाय?